नाकारलेल्या नळ्या

घाटाच्या माथ्यावर एक लहानसे राज्य होते, आणि त्या राज्याच्या पेठेत बंदुका जोडणारा एक कारागीर राहत होता. त्याचे नाव सटवाजी. त्याच्या बंदुका ठासणीच्या असत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची आणि बंदूक गालाशी टेकवून नेम धरायचा. दस्ता तो स्वतः शिसवीचा घडवी. चाप, खिळे, पट्ट्याही त्याच्याच भट्टीत होत. नळी मात्र तो करत नसे. नळ्या घडवणारी घरे खाली, घाटाच्या पायथ्याशी होती. तिथे जाऊन नळी निवडून आणायची, हेच खरे कसबाचे काम, असे तो म्हणे.

नळी निवडायला तो निघाला की पेठेतले लोक थट्टा करत. "निघाले सटवाजीबाबा सोयरीक जमवायला!" थट्टा खोटी नव्हती. नळी कोणत्या भट्टीची, लोखंड कुठल्या खाणीचे, सांधा कुणाच्या हातचा, एवढे विचारल्याशिवाय तो तिला हात लावत नसे. मग एक डोळा मिटून तिच्यातून आभाळ बघे. आत दोरा ताणून धरी आणि दोऱ्याची सावली कुठे वाकते का ते पाही. बूड बंद करून पाणी भरून ठेवी. सांधा कच्चा असला तर त्या जागी बाहेरून घाम फुटल्यासारखे बारीक थेंब धरत. तशी नळी दिसली की तो शांतपणे खाली ठेवी आणि म्हणे, "हिचं लग्न दुसरीकडे बघा."

त्या मुलखात एक चाल होती. नवी बंदूक तयार झाली की तिला कुंकू लावायचे, एक बार काढायचा आणि नारळ फोडायचा. त्याला नारळाचा बार म्हणत. तो बार नीट निघाला की बंदूक पक्की ठरे. मग तिच्याबद्दल कोणी शंका घेत नसे. शंका घेणे अशुभ मानत.

सटवाजीही पूर्वी असेच मानत होता. त्याला राणू नावाचा एकुलता एक मुलगा होता, ऐन पंचविशीतला. एकदा रानडुकरांनी वरची शेते उधळली, म्हणून राणू गावकऱ्यांबरोबर रानात गेला. हातात घरचीच नवी बंदूक होती. तिचा नारळाचा बार झालेला होता. रानात पहिला बार नीट निघाला, दुसराही निघाला. तोवर नळी चांगलीच तापली होती. तिसऱ्या बाराला ती बुडाशी फुटली. राणू जागीच गेला.

सटवाजीने नळीचे तुकडे गोळा करून आणले. त्याबद्दल पुढे तो कोणाशी बोलला नाही. बायकोशी, चिमाबाईशीही नाही. तो विषय त्या घरातून गेला नव्हता. फक्त त्याचे नाव कोणी घेत नव्हते.

बोलला नाही, पण त्याने आपली रीत बदलली. दुकानामागच्या ओढ्याकाठी त्याने एक दगडी खाच केली आणि जवळ आडोशाची भिंत बांधली. निवडून आणलेली प्रत्येक नळी तो त्या खाचेत आवळून बांधी. दुप्पट दारू भरी, लांब काठीच्या टोकाला जळती वात लावी आणि भिंतीआड उभा राहून बार काढी. एक नव्हे, लागोपाठ तीन. मध्ये नळी निवू देत नसे. तीनही बार सोसले तर ती नळी दस्त्यावर चढे. तडा दिसला, फुगवटा दिसला, तर तो घण घेऊन तिचे तोंड चेपून टाकी. नळीवाल्याकडे परत पाठवत नसे. म्हणे, "परत गेलेली नळी घरी बसत नाही. दुसऱ्याच्या दारात जाते."

या रीतीमुळे त्याच्या बंदुका कमी होत आणि उशिरा होत. पण राजाचे बरकंदाज, म्हणजे बंदूकवाले शिपाई, त्याच्या दुकानाची बंदूक मिळावी म्हणून आपसात भांडत.

त्या राज्याचे राजे तरुण होते. वाईट नव्हते, घाईत होते. शेजारच्या संस्थानाने घाटाच्या वाटेवर हक्क सांगायला सुरुवात केली होती. दसऱ्याला त्यांचा वकील, म्हणजे दूत, पाहुणा म्हणून येणार होता. तोवर आपल्या सगळ्या शिपायांच्या हातात नव्या बंदुका दिसाव्यात, असे राजांनी मनात घेतले.

अशा वेळी विसाशेट नावाचा एक व्यापारी बंदरावरून आला. त्याच्याबरोबर बैलांच्या पाठीवर लादलेल्या नळ्या होत्या. शिलेखान्याच्या, म्हणजे राजांच्या हत्यारांच्या कोठाराच्या, अंगणात चटयांवर त्या मांडल्या, तेव्हा उन्हात डोळे दिपले. सगळ्या एका लांबीच्या, गुळगुळीत, तेल पाजलेल्या. राजे खूश झाले. त्यांनी सटवाजीला बोलावले.

सटवाजी आला. चटईशेजारी उकिडवा बसला. एक नळी उचलून त्याने आभाळाकडे धरली, आतून बोट फिरवले, मग ती मांडीवर ठेवून विचारले, "शेट, यांचं गाव कोणतं?"

विसाशेट हसला. "नळीला कसलं गाव, बाबा? पोरगी बघायला आलास काय?"

"तसंच समजा. कोणत्या भट्टीच्या?"

"बंदरावर माल येतो. दर्यापलीकडून येतो. तू माल बघ. मूळ कशाला उकरतोस?"

"नव्या आहेत का?"

"चकाकतायत ना?"

"चकाकतायत खऱ्या. म्हणूनच विचारतो. नवी नळी इतकी घासावी लागत नाही."

अंगणात दोघे-तिघे हसले. राजे हसले नाहीत. "सटवाजी, नळ्या चांगल्या आहेत की वाईट, तेवढं सांग."

"ठाऊक नाही, महाराज. ओढ्यावर न्यायला हव्यात. एकेक बांधून बघतो."

"सगळ्या बघायला किती दिवस लागतील?"

"दसरा निघून जाईल."

विसाशेटने कपाळावर हात मारला. "महाराज, याची रीत ठाऊक आहे सगळ्या पेठेला. दुप्पट दारू घालतो आणि नळी फुटली की वाईट म्हणतो. दुप्पट जेवायला घातलं तर मीसुद्धा फुटेन!"

आता सगळेच हसले. विसाशेट पोटाने मोठा होता आणि त्याला ते ठाऊक होते. हसू ओसरेपर्यंत तो थांबला, मग सटवाजीकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, तुझं दुःख मोठं आहे. कोण नाही म्हणतं? पण पोरगा गेल्यापासून तुला प्रत्येक नळीत चीर दिसते. त्याला नळ्या काय करणार?"

अंगणातले लोक सटवाजीकडे बघू लागले.

सटवाजीने मांडीवरची नळी चटईवर इतरांच्या रांगेत नीट ठेवली. "खरं आहे, शेट," तो म्हणाला. "दिसते."

"ऐकलंत, महाराज? स्वतःच कबूल करतो."

"करतो. मला दिसते, म्हणून मी बघतो. तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही विकता."

राजांनी हात वर केला. "पुरे. विसाशेट, नळीवर तुमचा भरवसा आहे?"

"घरच्या माणसासारखा."

"मग नारळाचा बार तुम्हीच काढा."

विसाशेट कचरला नाही. सटवाजीचा धाकटा भाऊ तुळाजी गर्दीत उभा होता. तोही बंदुका जोडत असे, पण त्याचे वेगळे लहान दुकान होते. राजांनी खूण केली तशी त्याने चटईवरची एक नळी जुन्या दस्त्यावर आवळून बसवली. कुंकू लागले. विसाशेटने बंदूक गालाशी धरली, डोळे घट्ट मिटले आणि बार काढला.

धूर झाला. नळी जशीच्या तशी होती. नारळ फुटला. लोकांनी ओरडा केला. विसाशेटने गालावरची काजळी बोटाने पुसून सगळ्यांना दाखवली, आणि हशा असा उसळला की अंगणातली कबुतरे उडाली.

सटवाजी उभा राहिला. "आणखी दोन काढा, शेट. थांबू नका. नळी गरम आहे तोवरच."

विसाशेट अजून हसतच होता, पण बंदूक त्याने तुळाजीच्या हातात देऊन टाकली होती. "माझं काम माल विकायचं, बाबा. बार काढायला महाराजांनी शिपाई ठेवलेत की!"

पुन्हा हशा झाला. राजेही हसले, पण जरा उशिरा. भिंतीला पाठ लावून बरकंदाज उभे होते. ते मात्र हसले नाहीत. शेटने बंदूक किती लगबगीने हातातून सोडली, ते त्यांनी बघितले होते.

"सटवाजी," राजे म्हणाले, "बार तुझ्यासमोर निघाला. आता जोडायला घे."

"नाही, महाराज."

"काय म्हणालास?"

"एक नळी एकदा टिकली. तिनंही एकदाच सोसलंय. बाकीच्यांनी तेही नाही. या नळ्यांची बंदूक माझ्या दुकानात होणार नाही."

"हे माझं राज्य आहे. शिलेखाना माझा. कोणती नळी चालेल ते मी ठरवणार."

"ठरवा. पण तिला गाल लावायचा आहे तो शिपायाचा. तो तुमचाही नाही आणि माझाही नाही. दुसऱ्याच्या गालावर मी हो म्हणणार नाही."

त्या अंगणात राजांना इतके सरळ कोणी बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम केला. सटवाजीने यापुढे हत्यार घडवायचे नाही. दुकानात कुऱ्हाडी कराव्या, विळे करावे, खुशाल चुली कराव्या. बंदुका तुळाजी जोडील.

सटवाजीने मुजरा केला आणि तो निघून गेला. पेठेतून जाताना एकाने मागून आवाज दिला, "बाबा, चुलीतही दुप्पट लाकडं घालून बघणार का?" तो थांबला नाही.

घरी चिमाबाई भाकरी भाजत होती. तिने त्याचा चेहरा बघितला. "काय झालं?"

"बंदुकांचं काम गेलं. हत्याराला हात लावायचा नाही म्हणाले."

"नळ्या घेतल्या नाहीत ना तुम्ही?"

"नाही."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग ताट वाढले. "मग जेवून घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुळाजी आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "दादा, राग धरू नकोस. मी नाही म्हटलं तर ते तिसऱ्याला बोलावतील. बंदुका तर होणारच आहेत."

"होतील."

"मग माझ्या हातून झाल्या तर काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही, तर काहीच बिघडलं नाही," सटवाजी म्हणाला. "बिघडलं, तर तुझ्या हातून बिघडलं."

"तू नेहमी असंच तिरकं बोलतोस."

"सरळ बोललो होतो काल. सगळे हसले."

तुळाजी निघून गेला. त्याच्या दुकानात दिवसभर ठोकाठोक चालू झाली. दसऱ्याच्या आधी प्रत्येक बरकंदाजाच्या हातात नवी बंदूक आली. एकेकीचा नारळाचा बार झाला. एकही नळी फुटली नाही. पेठेत नारळाच्या खोबऱ्याच्या वड्या झाल्या आणि विसाशेटला मानाचा शेला मिळाला. सटवाजीच्या दुकानासमोरून जाताना लोक मुद्दाम मोठ्याने विचारत, "काय बाबा, अजून एकही फुटली नाही वाटतं?"

"नाही फुटली," तो म्हणे, आणि कुऱ्हाडीला पाणी देई.

त्याला राग येत नव्हता असे नाही. कधीकधी त्याच्या मनात यायचे, एखादी फुटली म्हणजे कळेल यांना. तसे मनात आले की तो घण खाली ठेवी आणि ओढ्यावर जाऊन तोंड धुवून येई. नळी फुटते तेव्हा ती कुणाच्या तरी गालाशी असते. आपण खरे ठरावे म्हणून एका माणसाचा चेहरा जावा, असे मागणे त्याला मागायचे नव्हते. त्यापेक्षा जन्मभर खोटे ठरलेले बरे, हे त्याने मनाशी ठरवून टाकले. पण या ठरवण्याने त्याचे 'नाही' बदलले नाही.

एके दुपारी बरकंदाजांचा जमादार हैबती दुकानात आला. मिशा पांढऱ्या झालेला, जुना माणूस. हातात एक कुऱ्हाड होती, आणि तिला धार चांगली होती.

"धार लावायची आहे, बाबा."

सटवाजीने अंगठा फिरवून बघितला. "हिच्यानं दाढी होईल, जमादार. बसा."

हैबती बसला. भट्टीकडे बघत त्याने विचारले, "आमच्या हातातल्या बंदुका कशा आहेत?"

"मी जोडल्या नाहीत त्या."

"ते ठाऊक आहे. कशा आहेत, ते विचारतोय."

"ठाऊक नाही. म्हणून तर जोडल्या नाहीत."

"सगळ्या वाईट असतील?"

"नसतील. पुष्कळ चांगल्याही असतील. कोणत्या चांगल्या, ते मला माहीत नाही. शेटला माहीत नाही. तुळाजीलाही नाही."

हैबती मिशीवरून हात फिरवत राहिला. "वाईट आहेत म्हणून कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "वाईट असती तर ठेवून दिली असती. हे काय नशिबात आलं, रोज उचलायची आणि रोज विचार करायचा." तो उठला. कुऱ्हाड न घेताच चालू लागला. सटवाजीने हाक मारली, तेव्हा परत येऊन घेऊन गेला.

दसरा आला. सगळे राज्य गावाबाहेरच्या माळावर जमले. सीमोल्लंघन झाले, आपट्याची पाने वाटली गेली. राजे उंच ओट्यावर बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला शेजारच्या संस्थानाचा वकील होता. पातळ मिशीचा, फार गोड बोलणारा माणूस. मागे नवा शेला पांघरून विसाशेट बसला होता. माळाच्या दुसऱ्या टोकाला चुना फासलेली मडकी ओळीने मांडली होती. बरकंदाजांनी एकदम बार काढून ती फोडायची होती. दरवर्षी फोडत. सटवाजीच्या बंदुका होत्या तेव्हा एखाददुसरे मडके राहिले तरी शिपाई आठवडाभर एकमेकांना चिडवत.

सटवाजी आणि चिमाबाई गर्दीच्या कडेला उभे होते. "आपण जाऊ या का?" चिमाबाई हळूच म्हणाली. तो हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

हैबतीने हुकूम दिला. बंदुका भरल्या गेल्या. गज फिरले. "धरा!"

शिपायांनी बंदुका उचलल्या. आणि माळावर जे कोणी कधी बघितले नव्हते, ते सगळ्यांनी बघितले. एकाही शिपायाने बंदूक गालाशी लावली नाही. साप धरावा तशी प्रत्येकाने ती हात लांब करून, अंगापासून दूर धरली होती. प्रत्येकाची मान दुसऱ्या बाजूला वळलेली होती. कोणी डोळे मिटले होते, कोणी दात आवळले होते. ओळीच्या टोकाला हैबतीही तसाच उभा होता.

"मारा!"

आवाज मोठा झाला. धुराचा पडदा माळावर पसरला आणि वाऱ्याने हळूहळू सरकला. एकही नळी फुटली नव्हती. आणि एकही मडके फुटले नव्हते. पांढरीशुभ्र मडकी ओळीने तशीच उभी होती.

वकिलाने तोंडापुढे रुमाल धरला. "सुंदर," तो म्हणाला. "आवाज फार सुंदर झाला."

राजे ओट्यावरून उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते सरळ ओळीपाशी गेले. "हा काय तमाशा आहे? कुणी सांगितलं तोंडं फिरवायला?"

शिपायांनी बंदुका खाली टेकवल्या.

"जमादार! तोंड फिरवलेल्या प्रत्येकाला शिक्षा होईल."

"मीही फिरवलं, महाराज," हैबती म्हणाला. "शिक्षा करायची तर सगळ्यांना करा. चुकवणार नाही कुणी. पण आम्हाला उभं करून मारायला ज्याला बोलवाल, त्याच्या हातात यातली बंदूक देऊ नका. तोही तोंड फिरवील आणि आम्ही उगाच वाचू."

ओळीत कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. राजांनी एका शिपायाला बंदूक पुन्हा भरायला लावली आणि ती त्याच्या हातातून ओढून घेतली. आता ते स्वतः गालाशी धरणार, असे सगळ्यांना वाटले. राजांनी ती उचललीही. दस्ता गालापर्यंत आला. तिथे हात थांबला. शिपाई बघत होते. वकीलही ओट्यावरून बघत होता. राजांनी बंदूक हळूच खाली आणली. मग त्यांनी गर्दीकडे बघितले आणि त्यांना सटवाजी दिसला.

"इकडे ये."

सटवाजी पुढे झाला. लोकांनी वाट करून दिली.

"माझी फौज फितवलीस. सगळ्या पाहुण्यांसमोर माझी मान खाली घातलीस. काय शिकवलंस यांना?"

"काही शिकवलं नाही, महाराज."

"खोटं बोलू नकोस. जमादार तुझ्या दुकानात गेला होता, ते मला कळलंय."

"आले होते. बंदुका कशा आहेत म्हणून विचारलं. ठाऊक नाही म्हटलं. वाईट आहेत असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार कसा? मला बघू कुठे दिलंत?"

"मग हे सगळे असे का उभे राहिले?"

"त्यांना विचारा. मी फक्त नाही म्हणालो होतो. तेही तुमच्या तोंडावर."

तेवढ्यात मागून विसाशेट शेला सावरत धावत आला. "महाराज, नळ्या धडधाकट आहेत! बघितलंत ना, एक तरी फुटली का? दोष शिपायांचा आहे. भित्रे आहेत सगळे."

"शेट," राजे म्हणाले, आणि त्यांनी हातातली बंदूक त्याच्यापुढे धरली. "मघाशी एक बार झालाय. नळी गरम आहे. आणखी दोन काढा."

विसाशेटने बंदुकीकडे बघितले. त्याने हात पुढे केला नाही. दोन्ही हातांनी शेला घट्ट धरून तो मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदुका उतरवल्या गेल्या आणि नळ्या ओढ्यावर आल्या. राजे स्वतः भिंतीआड उभे राहिले. सटवाजी एकेक नळी खाचेत आवळी, दारू भरी, काठीने वात लावी. पहिल्या नळीने तीनही बार सोसले. दुसरीनेही सोसले. विसाशेटच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. तिसरीही टिकली. पुढची पहिल्या दोन बारांना टिकली आणि तिसऱ्याला बुडाशी उघडली. एक तुकडा भिंतीवर आदळून सटवाजीच्या पायाशी पडला. सांध्यातली जुनी चीर शिसे भरून बुजवलेली होती. शिसे वितळून वाहत होते.

सटवाजीने तो तुकडा उचलला. तो अजून गरम होता. त्याने तो लगेच टाकला नाही. चिमाबाई दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. फक्त दारातून आत गेली नाही.

असे पुष्कळ दिवस चालले. अखेर पुष्कळ नळ्या टिकल्या आणि पुष्कळ फुटल्या.

"बघा," विसाशेट म्हणाला, "बऱ्याचशा चांगल्याच निघाल्या की!"

"निघाल्या," सटवाजी म्हणाला. "त्या आम्ही ठेवू. बाकीच्या कुणाकुणाच्या हातात होत्या, ते हवं तर जमादारांना विचारा. नावानिशी सांगतील." जमादार पाठीमागेच उभा होता. विसाशेटने विचारले नाही. त्याच संध्याकाळी तो घाट उतरून गेला, आणि शेला राजवाड्यात ठेवून गेला.

राजांनी सटवाजीला बोलावले. "तुझं काम तुला परत. बंदुका जोडायला घे."

"घेतो. पण नळी नाकारायचा हक्क माझ्याकडे राहील."

"तो हक्क आजवर राजाचा आहे."

"आजवर होता. म्हणून मडकी उभी राहिली."

भर दरबारात राजांचे कान पुन्हा लाल झाले. त्यांच्या तोंडात शब्द आले होते, ते सगळ्यांना दिसत होते. ते त्यांनी गिळले. हे गिळणे त्यांना सोपे गेले नाही, आणि म्हणूनच पुढे लोक त्यांना चांगला राजा म्हणू लागले. "राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले.

सटवाजी परत आला तेव्हा तुळाजी ओढ्यावर बसला होता. आपण जोडलेल्या बंदुकांच्या फुटलेल्या नळ्यांचा ढीग त्याच्यासमोर होता. त्यांची तोंडे चेपायची राहिली होती. सटवाजी त्याच्याशेजारी बसला.

"दादा," तुळाजी वर न बघता म्हणाला, "महाराजांनी ऐकलंच नसतं तर?"

"तर उद्याही नाही म्हटलं असतं."

"आणि परवा?"

"परवाचं काय विचारतोस?" सटवाजी म्हणाला. "घण घे हातात."

तात्पर्य: एकदा निभावले म्हणून एखादी गोष्ट खात्रीची होत नाही. जिच्यावर दुसऱ्याचा जीव टेकणार आहे, तिची खात्री नसताना सगळे जग हसले आणि राजा रागावला, तरी 'हो' म्हणू नये.